मंचाव सूप

मंचाव सूप : कोंबडीच्या अळणी पाण्यात बारीक चिरलेल्या भाज्या, आले, लसूण व सोया सॉस घालून कॉर्नफ्लोअरने दाट केलेले भारतीय-चिनी सूप. वर तळलेल्या नूडल्स घालतात. शाकाहारी प्रकारात कोंबडी नसते. मध्य रेल्वेवर कल्याण आणि उल्हासनगर यांच्या मधल्या विठ्ठलवाडीपासून थेट मुंबईपर्यंत संध्याकाळी लागणाऱ्या ‘चायनीज’च्या गाड्यांवर मिळणारे सूप ते हेच.

नावाचा संबंध मांचुरियाशी, म्हणजे चीनच्या ईशान्य भागाशी जोडला जातो. चवीचा मात्र तिथल्या स्वयंपाकाशी फारसा संबंध नाही. भारतातील चिनी खाण्याचे मूळ कोलकात्याच्या चिनी वस्तीत आहे. तिथेच जन्मलेले नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ‘चिकन मंचुरियन’ पहिल्यांदा केले, असे सांगितले जाते. आले, लसूण, हिरवी मिरची हे आपलेच वाटण, पण गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर, ही त्यातली युक्ती. मंचाव त्याच घराण्यातले. चिनी घरांत रोजचे सूप बहुधा पातळ, निवळ आणि बेताच्या चवीचे असते. गाडीवरचे सूप मात्र झणझणीत हवे.

कृती (चार माणसांसाठी) : हाडांसकट २५० ग्रॅम कोंबडी सहा कप गार पाण्यात, आल्याचा तुकडा घालून मंद आचेवर अर्धा तास शिजवावी. वर येणारा फेस काढत राहावे. कोल्हापूरकडे मुलांना वाटीत देतात त्या अळणी रश्श्याशी याचे जवळचे नाते आहे, फक्त हळद घालायची नाही. कोंबडी काढून मांस सोडवावे, पाणी गाळून घ्यावे. कढईत एक चमचा तेल चांगले तापवून बारीक चिरलेले आले, लसूण व हिरवी मिरची मोठ्या आचेवर परतावी. मग कोबी, गाजर, फरसबी, ढोबळी मिरची मिळून दीड कप. भाज्या दोन मिनिटांपेक्षा जास्त परतू नयेत, त्या दाताखाली कुरकुरल्या पाहिजेत. त्यावर गाळलेले पाणी, मांस आणि दीड मोठा चमचा सोया सॉस घालून उकळी आणावी. एक मोठा चमचा सोया सॉसमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते, तेव्हा मीठ चव पाहूनच.

सूप बिघडते ते पुढच्या पायरीला. दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर पाव कप गार पाण्यात कालवून, सूप ढवळत ढवळत त्यात धारेने सोडायचे. कोरडेच टाकले तर पिठल्यासारख्या गुठळ्या होतात : गरम पाण्यात गोळ्याचा बाहेरचा थर चिकटून बसतो आणि आतले पीठ कोरडेच राहते. मक्याचा स्टार्च साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसला फुगू लागतो, म्हणून एक-दोन मिनिटे उकळले की पुरे. भाकरीचे मक्याचे पीठ इथे चालत नाही. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्यातला निव्वळ स्टार्च. व्हिनेगर आच बंद केल्यावर घालावे. आंबट घालून उकळत ठेवले तर दाटपणा मोडतो. शेवटी मिरपूड आणि पातीचा कांदा.

अजिनोमोटो घातलाच पाहिजे असे नाही. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्रशेवाळातून ओळखलेली अजिनोमोटोची ती चव हाडांच्या पाण्यात आणि सोया सॉसमध्ये मुळातच असते.

गंमत अशी, की सूप प्यावेसे वाटावे असा पाऊस कोसळतो तो बरोबर श्रावणात, आणि तेव्हाच अनेक घरांत कोंबडी बंद असते. त्या दिवसांत मशरूम आणि कोबीच्या दांड्यांचे पाणी बऱ्यापैकी काम भागवते.

नूडल्स उकडून, पूर्ण निथळून, कॉर्नफ्लोअर भुरभुरून तळाव्यात व वाढताना घालाव्यात. दहा मिनिटांत त्या सूप पिऊन मऊ पडतात. म्हणून पार्सलमध्ये त्यांची पुडी वेगळी बांधून देतात.