दुसऱ्या मालकाचा हिशेब : बदनापूर परिसरातील जुन्या वाहनांचा व्यवहार आणि विजेची मोटार

तुरीच्या 'बीडीएन' वाणांमुळे शेतकऱ्यांना ठाऊक असलेले बदनापूर हे जालना आणि छत्रपती संभाजीनगर या दोन बाजारपेठांच्या मधल्या रस्त्यावर, पहिलीपासून सुमारे २० आणि दुसरीपासून सुमारे ४० किलोमीटरवर वसलेले आहे, आणि इथल्या वाहनव्यवहाराला वळण लागले ते या दोन शहरांच्या ओढीने. विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या राज्यातून मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग सुरू झाला आणि १९३२ मध्ये निजाम सरकारच्या रेल्वेने अवघ्या २७ बसगाड्यांनिशी रस्ते वाहतुकीचा विभाग उघडला. तरीही शेतातला माल स्थानकापर्यंत किंवा आडतीपर्यंत पोहोचवण्याचे काम दीर्घकाळ बैलगाडीकडेच राहिले. त्यामुळे घरचे वाहन घेताना करायचा हिशेब या भागाने प्रथम शिकला तो बैलांच्या बाजारात, आणि तो हिशेब जवळजवळ नेहमीच दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाचा असे.

बैल विकत घेणारा शेतकरी वेसण धरून जनावराचा जबडा उघडून पाही, कारण दुधाचे दात पडून पक्के दात येण्याचा क्रम वयाशी बांधलेला असतो. सुमारे दोन-अडीच वर्षांचा गोऱ्हा दोन दाती, पुढे चार दाती, सहा दाती, आणि साडेचार-पाच वर्षांच्या सुमारास सगळे पक्के दात आले की बैल 'जुळला' असे म्हणत. त्यानंतर दातांची झीज पाहून उरलेल्या कामाच्या वर्षांचा अंदाज बांधला जाई. मग बैल चालवून, औताला जुंपून पाहिला जाई आणि हेडे, म्हणजे जनावरांचे दलाल, रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवत. या व्यवहारात फसवणूक होत नसे असे मुळीच नाही. परंतु कडब्याचा बराचसा खर्च घरच्या शेतातून भागत असल्यामुळे रोजच्या खर्चापेक्षा बैलाची किती वर्षे शिल्लक आहेत, हाच प्रश्न किमतीच्या मुळाशी असे. बैलाबरोबर त्याचे सगळे गुणदोषही नव्या धन्याकडे येत. जुन्या धन्याच्या नावावर राखून ठेवलेला असा एकही हक्क मागे उरत नसे.

इंजिनाच्या वाहनांनी हा हिशेब उलटा केला. जुनी जीप, काळी-पिवळी किंवा जुनी मोटार घेणाऱ्याला तिच्या आयुष्यापेक्षा तिच्या 'ॲव्हरेज'ची, म्हणजे लिटरमागे ती किती किलोमीटर धावते याची चिंता अधिक असे, कारण मोडलेला भाग जालन्याच्या गॅरेजात बदलता येई आणि इंजिनसुद्धा उतरवून पुन्हा बांधता येई. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाल्यानंतर डिझेलच्या जुन्या गाडीचे आकर्षण कमी झाले, तरी हिशेबाची रीत तीच राहिली.

जुनी विजेची मोटार घेणारा नकळत पुन्हा बैलबाजारात येऊन उभा राहतो, कारण इथेही खरा प्रश्न किती वर्षे शिल्लक आहेत हाच असतो. भारतात या मोटारीचा इतिहास फार जुना नाही. बंगळूरची 'रेवा' २००१ मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्यात इन्व्हर्टरला असतात त्या जातीच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या होत्या. मोठ्या प्रमाणावर खपलेली टाटा नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये ३०.२ किलोवॅट-तास क्षमतेची लिथियम-आयन बॅटरी घेऊन आली. एक किलोवॅट-तास म्हणजेच वीजबिलावरचे एक युनिट. महाराष्ट्र शासनाच्या २०२१ च्या धोरणाने पहिल्या १० हजार मोटारींना कमाल दीड लाख रुपयांचे अनुदान आणि त्या वर्षअखेरपर्यंत घेणाऱ्यांना आणखी एक लाखापर्यंतची सवलत देऊ केली. हे अनुदान पहिल्या खरेदीदारासाठी होते. दुसऱ्या मालकाला त्याचा लाभ मिळतो तो एवढाच की नव्या गाडीची किंमत खाली आल्याने जुनीचीही खाली येते. घसारा, म्हणजे वापराने आणि काळाने घटणारे मूल्य, विजेच्या गाडीत मोठा असण्याचे हे एक कारण. दर दोन-तीन वर्षांनी अधिक पल्ल्याची नवी गाडी बाजारात येते, हे दुसरे.

तिसरे आणि सर्वांत वजनदार कारण म्हणजे बॅटरी. तिचे आरोग्य, म्हणजे नव्या अवस्थेच्या तुलनेत उरलेली साठवणक्षमता, बाहेरून दिसत नाही. ते अधिकृत कार्यशाळेतील यंत्रावर वाचावे लागते, किंवा बॅटरी पूर्ण भरून गाडी शंभरेक किलोमीटर चालवून किती टक्के चार्ज खर्च झाला हे पाहावे लागते. चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या मराठवाड्याच्या उन्हात सतत उघड्यावर उभी राहिलेली आणि बहुतांशी जलद चार्जरवर भरलेली गाडी सावलीत, घरच्या प्लगवर भरलेल्या गाडीपेक्षा लवकर थकते. म्हणूनच उत्पादकाच्या वॉरंटीला, म्हणजे ठरावीक मुदतीत दुरुस्ती करून देण्याच्या हमीला, इथे किमतीइतकेच महत्त्व येते. नेक्सॉनच्या पहिल्या गाड्यांवर ती आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांतील जे आधी संपेल तोपर्यंत होती. २०२४ मध्ये आलेल्या एमजी विंडसरवर बॅटरीची आजीवन वॉरंटी जाहीर झाली, पण ती पहिल्या मालकापुरतीच. जाहिरातीतला 'आजीवन' हा शब्द गाडीच्या आयुष्याला उद्देशून नाही, हे जुनी गाडी घेणाऱ्याने ध्यानात ठेवलेले बरे.

धावण्याच्या खर्चातली बचत मात्र खरी आहे. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि गाडीचे ॲव्हरेज १५ धरले, तर किलोमीटरला ७ रुपये पडतात. युनिटला १२ रुपये आणि युनिटमागे ६ किलोमीटर धरले, तर २ रुपये. वर्षाला १२ हजार किलोमीटर धावल्यास ६० हजार रुपये वाचतात, आणि बॅटरीसाठी बाजूला ठेवायची रक्कम यातूनच काढावी लागते. त्यातही एक मेख आहे. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांना बदलतात. महिन्याला हजार किलोमीटर धावणारी गाडी दीडशेहून अधिक युनिटे घेत असल्यामुळे तिची वीज घरातल्या सर्वांत स्वस्त टप्प्यात क्वचितच बसते. विम्याचीही तीच गोष्ट. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत ६५ किलोवॅटहून अधिक शक्तीच्या विजेच्या मोटारीचा तृतीय पक्ष विमा, म्हणजे अपघातात दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा सक्तीचा विमा, ६,७१२ रुपये होता, तर १००० ते १५०० सीसी इंजिनाच्या मोटारीचा ३,४१६ रुपये. 'विजेच्या गाडीला विमा स्वस्त' हे विधान त्यामुळे सरसकट खरे ठरत नाही.

बदनापूर तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना पथकर माफ करण्याचे राज्याच्या २०२५ च्या धोरणाने ठरवले. ही सवलत अनुदानासारखी पहिल्या मालकापाशी थांबत नाही, ती गाडीबरोबर दुसऱ्याकडेही येते. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने नोंदणीकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या जुन्या विजेच्या गाडीवर १८ टक्के कर ठरवला. तो पूर्ण किमतीवर नसून विक्रेत्याच्या नफ्याच्या फरकावर आहे, आणि दोन व्यक्तींमधील थेट व्यवहाराला तो लागत नाही. तरीही थेट व्यवहारात गाडी जालना परिवहन कार्यालयाच्या एमएच-२१ मालिकेतली असो वा बाहेरची, मालकी हस्तांतरणाचे नमुना २९ आणि ३० भरण्यापूर्वी वॉरंटी दुसऱ्या मालकाच्या नावे किती आणि कधीपर्यंत चालते, हे उत्पादकाकडून लेखी घ्यावे. २०२० मध्ये नोंदलेल्या पहिल्या नेक्सॉन गाड्यांची बॅटरीची मुदत २०२८ मध्ये संपत आहे, आणि वॉरंटीबाहेरच्या बॅटरीचा खरा बाजारभाव त्यानंतरच ठरेल.