बुंददाण्याची वाट

कॉफीला मराठीत जुना शब्द कोणता, असे कोणी विचारले तर तुम्ही काय सांगाल? बहुतेक जण म्हणतील, कॉफीच. पण आमच्या आजीच्या पिढीत दुसरा शब्द होता. बुंद. वाण्याकडून आणायचे ते बुंददाणे, आणि ते भाजून, कुटून जी करायची ती बुंदाची कॉफी. आज हा शब्द उच्चारला तर मुलांना पावसाचा थेंब आठवतो. त्यांचा काही दोष नाही. दाणाच घरातून गेला, तिथे शब्द एकटा किती दिवस राहणार?

हा बुंद म्हणजे अरबीतला बुन्न. अरब लोक दाण्याला बुन्न म्हणतात आणि पेयाला कहवा. कहवा तुर्कस्तानातून हॉलंडला गेला, तिथून इंग्रजीत जाऊन कॉफी झाला आणि साहेबाचा हात धरून आपल्याकडे आला. बुंद मात्र समुद्रावरून थेट आला. एकाच वस्तूची ही दोन नावे आपल्या घरात दोन वेगळ्या दारांनी शिरली, आणि मागच्या दाराने आलेले नाव आधीचे आहे, एवढे लक्षात ठेवले तरी पुढची गोष्ट समजायला सोपी जाईल.

आपल्या कोकण किनाऱ्यावरचे दाभोळ हे आदिलशाहीतले मोठे बंदर. तिथली जहाजे तांबड्या समुद्रातल्या मोखा बंदरापर्यंत जात. सुरतेची तर जातच. एकाच जहाजात हजचे यात्रेकरू, कापडाचे गठ्ठे आणि हिशेबाच्या वह्या असायच्या. परतताना चांदी यायची आणि येमेनच्या डोंगरातला बुंद यायचा. जहांगिराच्या दरबारी आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो, त्याच्याबरोबर एडवर्ड टेरी नावाचा पाद्री होता. १६१६ ते १६१९ या काळात तो हिंदुस्थानात होता. त्याने लिहून ठेवले आहे की इथले धर्माचे कडक पालन करणारे लोक दारूला शिवत नाहीत, एक काळे बी पाण्यात उकळून ते पाणी पितात. चव त्याला फारशी रुचली नसावी, पण प्रकृतीला ते बरे असते असे त्याने म्हटले आहे. म्हणजे इंग्रजाने आपल्याला कॉफी शिकवली हा समज खोटा. ती पिताना त्याने आपल्याला पाहिले.

पण ही सगळी कॉफी बाहेरून आलेली. झाड इथे नव्हते. अरब व्यापारी बी उगवू नये म्हणून ते उकडून किंवा भाजूनच विकत, असे सांगतात. इथे बाबा बुदन यांची कथा येते. हा सूफी फकीर हजहून परतताना मोख्याला थांबला आणि त्याने सात कच्चे दाणे लपवून आणले. कोणी म्हणतात कमरेला बांधून, कोणी म्हणतात दाढीत. कर्नाटकात चिकमगळूरजवळच्या डोंगरावर त्याने ते पेरले. साल १६७० सांगतात, पण ते परंपरेचे साल आहे, कागदावरचे नव्हे. कागदावर काही नसले तरी डोंगराचे नाव बाबा बुदनगिरी आहे आणि आजूबाजूला कॉफीचे मळे आहेत. तिथली गुहा दत्तपीठ म्हणूनही पूजली जाते. त्यावरून वाद झाले, ते न्यायालयापर्यंत गेले. त्या वादात मी शिरत नाही. मला कवी म्हणून त्या सात दाण्यांचे नवल वाटते. फकिराच्या झोळीत मावेल एवढी चोरी, आणि तिच्यावर आज दक्षिणेतले जिल्हेच्या जिल्हे पोसले जातात.

फकिरानेच ती का आणावी, यालाही कारण आहे. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी रात्रभर नामस्मरण करताना झोप येऊ नये म्हणून कहवा पीत. मक्केच्या अधिकाऱ्याने १५११ मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती फार टिकली नाही. कॉफी मुळात जागरणाचे पेय. आणि आता आपल्या मराठी घराची गंमत पाहा. आपण कॉफीत काय घालतो? जायफळ. तान्ह्या बाळाला गुटीत उगाळून देतो तेच, झोप लागावी म्हणून. एकाच पेल्यात जागवणारा दाणा आणि निजवणारे फळ, दोघांना साखर घालून एकत्र नांदवायचे! जगात कॉफीचे शेकडो प्रकार असतील, हा समन्वय मराठी बाईलाच सुचला.

ही कॉफी रोजची नव्हती. पाहुणे आले, घरात आजारी माणूस असले, उपास असला, कोणाची परीक्षा असली की कॉफी. आमच्याकडे आई कच्चे दाणे मातीच्या खापरावर मंद आचेवर भाजायची. दाणे हिरवट करडे असतात, आधी पिवळे पडतात, मग तपकिरी, मग तडतडायला लागतात. तिने त्या तडतडण्याकडे कान लावलेला असायचा. आवाज थांबला की खापर खाली. घड्याळ नाही, मोजमाप नाही. शेजारच्या वाड्यातल्या काकू घरातूनच विचारायच्या, आज कोण येणार आहे? कारण वास भिंतीला जुमानत नसे. मग खलबत्त्यात कुटणे, उकळत्या पाण्यात पूड टाकून झाकण ठेवणे, गाळ बसावा म्हणून वरून गार पाण्याचा शिंतोडा आणि फडक्यातून गाळणे. आज मोठ्या शहरांत हीच कामे शिकवण्याचे वर्ग निघाले आहेत. त्यांची फी ऐकली असती तर आई हसली असती.

मग हे घरातून गेले कसे? चहाने ढकलले, हे अर्धे उत्तर. चहाच्या मळेवाल्यांसाठी १९०३ पासून कर गोळा होऊ लागला आणि पुढे त्या पैशावर गावोगाव फुकट चहा पाजला गेला. कॉफीवाल्यांना जाग आली ती मंदीत, भाव कोसळल्यावर. १९३५ मध्ये कॉफीवरचा कर आला, आणि त्यातून जी समिती झाली तिने पहिले इंडिया कॉफी हाउस १९३६ मध्ये उघडले ते कुठे? बंगळुरूला नाही, मुंबईत, चर्चगेटला. पुढे ही कॉफी हाउसे बंद करायचे ठरले तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनीच सहकारी संस्था काढल्या आणि १९५७ पासून ती इंडियन कॉफी हाउस म्हणून चालवली.

दुसरे अर्धे उत्तर युद्धात आहे. युरोपची बाजारपेठ तुटली तेव्हा मळेवाल्यांना वाचवायला १९४२ चा कॉफी कायदा झाला. सगळी कॉफी मंडळाच्या एका सामाईक साठ्यात द्यायची, लिलाव मंडळ करणार. शेतकरी वाचला, यात शंका नाही. पण ही तात्पुरती सोय अर्धशतक चालली. चांगला दाणा मोठ्या प्रमाणावर परदेशी जाऊ लागला, सोव्हिएत रशिया हे त्याचे मोठे गिऱ्हाईक होते. मळेवाल्याला आपला दाणा आपल्या नावाने घरच्या गिऱ्हाइकाला विकता येत नव्हता. ते गिऱ्हाईक तोवर डब्यातल्या झटपट पुडीकडे वळले होते. नेसकॅफे १९३८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये निघाली. कारखान्यात कॉफी आधीच करून ती वाळवलेली असते, आपण फक्त पुन्हा पाणी घालतो. सोय आहे, मीही सकाळी गाडीच्या घाईत पितो. पण तिच्यात भाजणे, दळणे, निवडणे काहीच उरत नाही. कान लावायला काही उरत नाही. १९९२ पासून बंधने सैल होत गेली आणि १९९६ मध्ये मळेवाला मोकळा झाला. आज पनवेलमध्येही मळ्याचे नाव छापलेली पाकिटे मिळतात, ती या मोकळिकीमुळे.

मधल्या काळात ज्यांनी दाणा सोडला नाही ते दाक्षिणात्य. माटुंग्याला जा. तिथे आजही दाणे दाखवून, हवे तसे मिसळून, समोर दळून देतात. त्या दुकानात उभे राहिले की पाट्या वाचून माणूस गोंधळतो, म्हणून थोडे सांगतो. झाडे मुख्यतः दोन, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका उंचावरची, नाजूक, वासाची. रोबस्टा कणखर, कडू, तिच्यात कॅफिन जवळजवळ दुप्पट. पानावरच्या तांबेऱ्या रोगाने एकोणिसाव्या शतकात श्रीलंकेतले मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा रोगाला दाद न देणारी रोबस्टा पुढे आली. आज आपल्या देशात पिकते ती बहुतांश रोबस्टाच. अरेबिकाचे फळ सोलून, धुऊन वाळवले तर त्याला बाजारात प्लँटेशन म्हणतात, सालासकट वाळवले तर चेरी. धुतलेल्या रोबस्टाला पार्चमेंट म्हणतात. पीबेरी म्हणजे फळात दोन चपट्या दाण्यांऐवजी एकच गोल दाणा धरलेला.

आणि चिकोरी. ती कॉफी नव्हेच, एका झाडाचे भाजलेले मूळ. नेपोलियनच्या काळात नाकेबंदीमुळे युरोपात कॉफी मिळेना, तेव्हा तिचा वापर वाढला. आपल्या नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी हवी. म्हणजे उरलेली ४९ टक्के चिकोरी असू शकते, आणि किती आहे ते पाकिटावर लिहिलेले असते. वाचत चला. मी चिकोरीला शिव्या देणाऱ्यांपैकी नाही. दुधाच्या कॉफीला थोडी चिकोरी दाटपणा देते. ‘शुद्ध’ हा शब्द ऐकला की मी जरा सावध होतो. मराठीत लिहितो म्हणून गेली तीसेक वर्षे कोणी ना कोणी मला विचारत आले आहे की तुमची भाषा इतकी शुद्ध कशी. त्यांना मी बुंद शब्द सांगतो. अरबी चहा-कॉफीच्या पेल्याला फिंजान म्हणतात आणि आपण चिनी मातीच्या भांड्याला पिंगाण म्हणतो, ही एकाच फारसी शब्दाची दोन लेकरे आहेत, हेही सांगतो.

फिंजानवरून आठवले. सत्तरच्या दशकापासून आमच्या रायगड-रत्नागिरीच्या मुसलमान घरांतले पुरुष आखातात नोकरीला जाऊ लागले. येताना त्यांनी लांब चोचीची पितळी दल्ला आणली. तिच्यातली कॉफी फिकट भाजलेली, वेलदोडा घातलेली, बिनदुधाची, बिनसाखरेची, सोबत खजूर. घरातल्या बायकांनी पहिल्यांदा तोंडे वाकडी केली. वेलदोड्याचा वास मात्र त्यांना ओळखीचा वाटला. बऱ्याच दल्ला आता शोकेसमध्ये आहेत.

आमच्या पनवेलहून निघणारा गोव्याचा महामार्ग, आता त्याचा क्रमांक ६६, तसाच पुढे मंगळुरूला जातो. तिथल्या गोदामांत पावसाळ्यात एक वेगळीच कॉफी तयार होते. शिडाच्या जहाजातून महिनोन्‌महिने वळसा घालून युरोपला जाताना दमट हवेने दाणे फुगत, पिवळे पडत, त्यांचा आंबटपणा जाई. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, आगबोटी आल्या, दाणे ताजे पोचू लागले, आणि गिऱ्हाइकाने तक्रार केली की पूर्वीची चव राहिली नाही! तेव्हा किनाऱ्यावरच, उघड्या गोदामात दाणे पसरून त्यांना मुद्दाम पावसाळी वारा पाजायला सुरुवात झाली. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते आणि दारे फुगतात म्हणून आपण कोकणी माणसे कुरकुरतो, आणि त्याच हवेला ‘मॉन्सून्ड मलबार’ म्हणून किंमत येते. २००८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पोटाला आंबट कॉफी सोसत नाही त्यांनी ही घेऊन पाहावी.

महाराष्ट्राचा स्वतःचा दाणाही आहे. अमरावती जिल्ह्यात मेळघाटच्या डोंगरात, चिखलदऱ्याला कॉफी पिकते. थोडी पिकते, पण पिकते. विदर्भात जाणाऱ्यांनी चिखलदऱ्याचा सूर्यास्त बघून परत येऊ नये, दाणे विचारावेत.

आता घरी करायची कशी? काळी प्यायची असेल तर प्लँटेशन, मध्यम भाजलेली, चिकोरीशिवाय. जाडसर दळून चार मिनिटे गरम पाण्यात ठेवली आणि गाळली तरी पुरे. इटलीतले १९३३ चे ते अष्टकोनी भांडे, मोका, असेल तर पूड बारीक हवी. त्याचे नावही त्याच मोखा बंदरावरून आले. दुधाची हवी असेल तर पीबेरीत थोडी रोबस्टा आणि दक्षिणी फिल्टर. वर पूड, तिच्यावर उकळून क्षणभर थांबलेले पाणी, आणि पंधरा मिनिटे धीर. दाणे महिनाभराचे आणावेत, पूड आठवड्याची. भाजल्याची तारीख बघावी. आणि जायफळ आधी किसून ठेवू नये, गॅस बंद केल्यावर पेल्याला चिमूटभर वरून किसावे. दुधाबरोबर उकळले की त्याचा वास स्वयंपाकघरात राहतो, पेल्यात येत नाही.