गॅस संपत नाही, निसटतो

मोटारीच्या एसीतून गरम हवा येऊ लागली की आपल्याकडे निदान आधीच ठरलेले असते. "गॅस संपला असेल, भरून घ्या." बाटली जोडली जाते, पैसे मोजले जातात, काही दिवस गारवा मिळतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच रडगाणे. वास्तविक पेट्रोल संपते तसा एसीतला गॅस कधीच संपत नाही. तो जळत नाही, खर्च होत नाही. एका बंद नळीत गोल गोल फिरत राहतो. कमी झाला असेल तर तो कुठून तरी निसटला आहे. मग "भरून घ्या" ही सवय आपल्याला लागली कशी? तिच्यामागे ऐंशी-नव्वद वर्षांचा इतिहास आहे.

थंडावा निर्माण करणारी यंत्रे मोटारीच्या एसीपेक्षा जुनी. पण सुरुवातीच्या फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू असत. नळी फुटली की घरातल्या माणसांच्या जिवावर बेतायचे. १९२८ साली अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विषारी नसलेला, पेट न घेणारा वायू शोधून काढला. १९३० साली रसायनतज्ज्ञांच्या सभेत मिजलीने तो वायू स्वतःच्या छातीत भरून घेतला आणि त्याच फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखवली. हाच फ्रिऑन, म्हणजे आर-१२.

या निर्धोक वायूमुळे एसी मोटारीत बसवणे शक्य झाले. १९३९ साली पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलसाठी तो बाजारात आणला. गार करणारी कॉइल मागे डिकीची बरीचशी जागा अडवून बसलेली. कॉम्प्रेसरला क्लच नव्हता; एसी पूर्ण बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. लोकांनी नाक मुरडले आणि दोनेक वर्षांत तो प्रयोग आटोपला. १९५४ साली नॅश कंपनीने सगळा सरंजाम मोटारीच्या पुढच्या भागात बसवला. आजच्या मोटारीतली मांडणी मुळात तीच.

या मांडणीतच गळतीचे मूळ आहे. घरच्या फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर आणि त्याची मोटर एकाच बंद डब्यात असतात, म्हणून तो वर्षानुवर्षे गॅस न भरता चालतो. मोटारीतला कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. त्याचा दांडा डब्याबाहेर येतो आणि तिथे रबरी सील लागते. इंजिन हादरते म्हणून नळ्याही लवचीक लागतात. सील झिजते, रबर झिरपते. आर-१२ स्वस्त होता, निरुपद्रवी समजला जात होता. गळती शोधण्यापेक्षा दरसाल भर घालणे सोपे. सवय इथे लागली!

पण निसटलेला गॅस जातो कुठे? १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिले की हे वायू वर चढून ओझोनचा थर पोखरतात. १९८५ साली अंटार्क्टिकावरील ओझोनची घट जगापुढे आली. १९८७ साली माँट्रियल करार झाला, १९९२ साली भारत त्यात सामील झाला. नव्या मोटारींत आर-१३४ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चौदाशे पट भारी. लहान मोटारीत अर्धा किलोच्या आसपास गॅस असतो. तेवढा हवेत गेला तर हिशेब सुमारे तीनशे लिटर पेट्रोल जाळल्याइतका! म्हणूनच २०१६ च्या किगाली दुरुस्तीने या वायूंनाही लगाम घातला आणि २०२१ साली भारताने ती मान्य केली.

तेव्हा गरम हवा आली की बाटलीकडे धावण्याआधी क्रमाने पाहावे. एसीचे बटण दाबल्यावर क्लच ‘टक्’ वाजतो का, पुलीपुढची तबकडी फिरते का? नसेल तर फ्यूज, रिले तपासावा. गॅस फारच कमी असला तरी प्रेशर स्विच कॉम्प्रेसर चालू देत नाही. धावताना गार आणि सिग्नलला गरम, असे असेल तर संशय कंडेन्सरच्या पंख्यावर किंवा तुंबलेल्या जाळीवर. खाणपट्ट्यातली लाल धूळ आणि किनाऱ्याची खारी हवा यांनी आपल्या गोव्यात ही जाळी लवकर खराब होते. बॉनेटखालची परतीची नळी गार, पण आत हवा गरम, तर हीटरची झडप अडकलेली असू शकते.

यानंतर गेज. दोन्ही बाजूंचा दाब कमी असेल तर बहुधा गॅस कमी. दोन्हीकडे जास्त असेल तर गॅस गरजेपेक्षा अधिक भरला आहे किंवा कंडेन्सर तापतो आहे. इथे आणखी गॅस भरणे म्हणजे आगीत तेल. कमी दाबाची बाजू चढलेली आणि जास्त दाबाची उतरलेली असेल तर कॉम्प्रेसर थकला.

गॅस कमीच निघाला तर आधी गळती शोधावी. गॅसबरोबर तेलही बाहेर येते, म्हणून सांध्यावरचा तेलकट डाग हा पहिला साक्षीदार. साबणाचा फेस किंवा चमकणारा रंग बाकीचे सांगतो. सांधा दुरुस्त करावा, नळ्या उघडल्या असतील तर ड्रायर बदलावा, व्हॅक्यूम करून आतली दमट हवा काढावी आणि बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेले ग्रॅम तोलूनच गॅस भरावा. हे काम जाणकाराचे. दाबाखालची नळी घरी उघडू नये, हात गोठतो.

यात खर्च थोडा अधिक होतो, वेळ जातो. पण दरवर्षी भरलेला गॅस दरवर्षी आपल्याच डोक्यावरच्या आभाळात जात असतो. गॅरेजमध्ये "गॅस भरा" म्हणण्याऐवजी "गळती कुठे आहे ते आधी पाहा" एवढे सांगितले, तरी ऐंशी वर्षांची खोड मोडायला सुरुवात होईल.