संदेश बरोबर होता, ऐकणारा बिघडला होता: एफओपीच्या शोधाची गोष्ट

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणारे ज्युनिअर्स मला हमखास विचारतात, "ताई, हायपोथिसिस चुकली तर सगळी वर्षं वाया जातात का?" अशा वेळी मी त्यांना एफओपीचा इतिहास सांगते. तुम्हीही ऐका.

एफओपी म्हणजे फायब्रोडिस्प्लेसिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा. नाव लांबलचक आहे, पण प्रकार समजायला सोपा आणि भयंकर आहे. स्नायू, कंडरा आणि अस्थिबंध यांच्या जागी हळूहळू खरंखुरं हाड तयार होतं. सांधे एकेक करून कुलूपबंद होतात. साधारण वीस लाखांत एकाला होणारा हा आजार. लंडनचे सर्जन जॉन फ्रेक यांनी पाठीवर हाडांच्या गाठी आलेल्या एका मुलाचं वर्णन केलं, ते 1740 मध्ये छापून आलं. त्यानंतर दोनशे वर्षं फक्त वर्णनंच होत राहिली.

खरी हालचाल झाली ती आजाराशी संबंध नसलेल्या एका प्रयोगात. 1965 मध्ये मार्शल युरिस्ट यांनी कॅल्शियम काढून टाकलेलं हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवलं, तर तिथे नवं हाड उगवलं! म्हणजे त्या मृत सांगाड्यात 'हाड बनव' असं सांगणारं काहीतरी शिल्लक होतं. त्याला पुढे बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन, म्हणजेच बीएमपी, हे नाव मिळालं. हा एक वाढघटक.

पण ते वेगळं कसं काढायचं? इथे आपली माणसं येतात. भारतात शिकलेले हरी रेड्डी शिकागोला नोबेलविजेते चार्ल्स हगिन्स यांच्याकडे काम करत होते. पुढे 1981 मध्ये रेड्डी आणि टी. के. संपत यांनी हाडाच्या भुकटीतून विरघळणारा भाग वेगळा काढला. नुसता तो भाग उंदरात ठेवला, हाड नाही. नुसता उरलेला कोलॅजनचा गाळ ठेवला, तरी हाड नाही. दोन्ही परत एकत्र केले आणि हाड तयार झालं. हा प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात कंट्रोल हीच गोष्ट आहे. 1988 मध्ये बीएमपींची जनुकं हाती लागली.

आता एफओपीवाल्यांना वाटणारच की रुग्णांत बीएमपी जास्त तयार होत असणार. 1996 मध्ये तसा पुरावाही आला. रुग्णांच्या पांढऱ्या पेशींत बीएमपी-4 वाढलेलं दिसलं. सगळं जुळत होतं. फक्त बीएमपी-4 च्या जनुकात दोष काही सापडेना.

मग उत्तर कुठून आलं? कुटुंबांकडून. या आजारात बहुतेक म्युटेशन नव्यानेच घडतं आणि फार थोड्या रुग्णांना मुलं होतात, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या आजार असलेली घरं अगदी मोजकी. तेवढ्यावरच आयलीन शोअर आणि फ्रेडरिक कॅप्लन यांच्या गटाने 2006 मध्ये एसीव्हीआर1 हे जनुक शोधलं. दोष वाढघटकात नव्हताच, त्याचा संदेश ऐकणाऱ्या रिसेप्टरमध्ये होता. 206 व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन, बस्स एवढंच. नेहमीच्या स्वरूपाच्या रुग्णांत सगळीकडे हाच एक बदल.

तरी गोष्ट संपली नाही. 2015 मध्ये कळलं की हा बिघडलेला रिसेप्टर ॲक्टिव्हिन-ए नावाच्या भलत्याच वाढघटकाला दाद देतो. निरोगी माणसात ॲक्टिव्हिन-ए या रिसेप्टरला चिकटतो, पण हाडाचा संदेश जात नाही. इथे मात्र 'हाड बनव' असंच ऐकू येतं. त्यावरून ॲक्टिव्हिन-एला अडवणारी अँटिबॉडी बनली, पण 2020 मध्ये चाचणीतल्या काही रुग्णांच्या मृत्यूनंतर डोस थांबवावे लागले. 2023 मध्ये अमेरिकेत पॅलोव्हॅरोटिन मंजूर झालं. मुलांची उंची वाढणं वेळेआधी थांबू शकतं म्हणून मुलींना 8 आणि मुलांना 10 वर्षांनंतरच ते देतात.

बीएमपी-4 वाल्यांची वर्षं वाया गेली का? मला नाही वाटत. संदेशाची वाट त्यांनी बरोबर ओळखली होती, फक्त त्या वाटेवरचं घर चुकलं होतं. ती वाट माहीत नसती, तर जनुकांच्या यादीत एसीव्हीआर1 कडे कोणाचं लक्ष गेलं असतं?

एक गोष्ट प्रयोगशाळेबाहेरची. आमच्या श्रीपूरसारख्या गावात ताप आला की कमरेत सुई, गाठ आली की मालिश किंवा तुकडा काढून तपासणी, हे अगदी सहज होतं. एफओपीत स्नायूला झालेली अशी प्रत्येक इजा नवं हाड आणू शकते. 2005 मधल्या 138 रुग्णांच्या पाहणीत 87 टक्के रुग्णांचं पहिलं निदान चुकलेलं होतं. आणि खूण तर जन्मापासून समोर असते: दोन्ही पायांचे अंगठे आखूड आणि आत वळलेले. असं बाळ दिसलं आणि पाठीवर किंवा मानेवर सूज येत असेल, तर सुई आणि बायोप्सी थांबवून आधी जनुकीय तपासणीचं विचारा. दुर्मिळ आजारांसाठी सरकारने नेमलेल्या केंद्रांपैकी एक मुंबईचं केईएम रुग्णालय आहे. आणि हो, हे फक्त एफओपीच्या बाळांसाठी. बाकीच्यांचं लसीकरण वेळेवरच करायचं.