शिपरॉकची सुगी



पावसाळ्यात कोळशावर भाजलेलं मक्याचं कणीस, वर लिंबू, मीठ आणि तिखट. तुम्ही हे पान इंदुरात वाचत असा, बडोद्यात असा, हैदराबादेत किंवा बेळगावात, ही चव तुमच्या ओळखीची आहे. यातला मका आणि मिरची दोन्ही मूळचे अमेरिकेतले. कोलंबसानंतर जहाजांतून ते जगभर गेले आणि आपल्याकडेही आले. ज्या लोकांनी हा मका हजारो वर्षं पेरला आणि जपला, त्यांच्याबद्दल मात्र आपल्याला फार थोडं माहीत असतं. आजच्या भागात मी त्यांच्यापैकी एका समाजाच्या सुगीच्या जत्रेबद्दल बोलणार आहे.

या विषयाकडे मी वळलो ते एका छायाचित्रामुळे. ऑगस्ट २०१५ मध्ये बातम्यांत एका नदीचं चित्र आलं होतं. पाणी हळदीसारखं पिवळंजर्द. त्या पाण्याच्या खालच्या अंगाला एक गाव आहे, शिपरॉक, आणि तिथे दर ऑक्टोबरात जत्रा भरते, एवढं मला त्या बातमीने कळलं. मग मी मागे मागे वाचत गेलो. वाचताना एकच प्रश्न डोक्यात राहिला: ही जत्रा नक्की कोणाची? वाटतो तितका हा प्रश्न सोपा नाही.

आधी जागा आणि माणसं समजून घेऊ. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत मिळून नावाहो लोकांचा प्रदेश आहे. विस्तार सुमारे ७१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या एकोणीस पट. लाल माती, खोल दऱ्या, पाऊस अगदी कमी. हे लोक स्वतःला ‘दिने’ म्हणतात. अर्थ साधा आहे: माणसं.

मग ‘नावाहो’ हे नाव कुठून आलं? शेजारच्या टेवा लोकांच्या भाषेतून, असं अभ्यासक मानतात. अर्थ, ओढ्याकाठची मोठी शेतं. १६३० साली बेनाविदेस नावाच्या एका स्पॅनिश धर्मोपदेशकानेही या नावाचा अर्थ मोठी पेरलेली शेतं असाच लिहून ठेवला आहे. सिनेमांनी आपल्याला घोड्यावरचे, भाला घेतलेले ‘रेड इंडियन’ दाखवले. इथे मात्र शेजाऱ्यांनी ज्यांना शेतावरून ओळखलं, असे लोक आहेत. पुढची गोष्ट ऐकताना हे ध्यानात ठेवा. कारण या लोकांना मोडायचं ठरलं, तेव्हा घाव शेतावरच घातला गेला.

१८६३ साल. अमेरिकन सैन्याने नावाहो प्रदेशात मोहीम काढली. प्रत्यक्ष मोहिमेवर होता किट कार्सन. मोठी लढाई फारशी झालीच नाही. सैनिकांनी उभा मका कापला, जाळला, घोड्यांना चारला. मेंढरं मारली किंवा हाकून नेली. कॅन्यन द शेय नावाची एक खोल दरी आहे. तिच्या तळाशी पीचच्या बागा होत्या, पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या. १८६४ च्या उन्हाळ्यात कॅप्टन थॉम्पसनच्या तुकडीने तिथली तीन हजारांहून जास्त झाडं तोडली. मंडळी, फळझाड तोडणं ही एका हंगामाची लूट नसते. झाड तोडणारा पुढची वीस वर्षं तोडत असतो.

उपाशी माणसं शरण आली. त्यांना चालवत नेलं पूर्वेला, पेकोस नदीकाठच्या बॉस्क रेदोंदो नावाच्या छावणीत. वाटा वेगवेगळ्या होत्या, अंतर शेकडो किलोमीटरांचं. म्हातारे, गरोदर बायका, पोरं, सगळे पायी. इंग्रजी इतिहासात याला ‘लाँग वॉक’ म्हणतात. छावणीत एका वेळी साडेआठ हजारांच्या आसपास माणसं होती. सरकारची कल्पना अशी, की इथे यांना ‘नीट’ शेती शिकवू. ज्यांचं नावच शेतावरून पडलं त्यांना! नदीचं पाणी खारट होतं. मक्यावर दरवर्षी अळी पडली. सरपणासाठी मैलोन्‌मैल जावं लागे. आजार आणि उपासमारीने तिथे दोन हजारांहून जास्त माणसं गेली, असा अंदाज आहे.

शेवटी १८६८ मध्ये जनरल शर्मन वाटाघाटीला आला. नावाहोंच्या बाजूने मुख्य बोलणारा होता बारबोन्सितो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ही जमीन आमची नाही, इथे आम्ही काहीही केलं तरी मरणच पदरी येतं, आम्हाला आमच्या डोंगरांत परत जाऊ द्या. १ जून १८६८ रोजी करार झाला आणि त्याच महिन्यात माणसं घरी निघाली. अमेरिकेतल्या अनेक मूळ समाजांना स्वतःच्या भूमीतून कायमचं हुसकावलं गेलं. नावाहोंना निदान तिच्या एका भागात परतता आलं, ही मोठी गोष्ट होती. करारात बियाणं, शेतीची अवजारं आणि १५ हजार मेंढ्या-शेळ्या देण्याचं कलम होतं. सहा ते सोळा वयाच्या मुलांना शाळेत घालण्याची सक्तीही होती. एका हाताने बी दिलं आणि दुसऱ्या हाताने मूल मागितलं.

आता येऊ शिपरॉकला. न्यू मेक्सिकोच्या वायव्य कोपऱ्यात, सान हुआन नदीच्या काठी हे गाव आहे. जवळच सपाट माळावर सुमारे १,५८० फूट उंचीचा एक प्रचंड खडक एकटाच उभा आहे. नावाहो त्याला पंख असलेला खडक म्हणतात. गोऱ्यांना तो शिडाच्या जहाजासारखा दिसला आणि गावालाही तेच नाव पडलं.

१९०३ मध्ये विल्यम शेल्टन हा सरकारी अधिकारी इथे आला. माणूस उंचापुरा. लोकांनी त्याला ‘नाताआनी नेझ’ म्हणजे उंच नायक म्हणायला सुरुवात केली. गावाचं नावाहो नाव आजही तेच आहे. शेल्टन शिस्तीचा होता, कष्टाळू होता, आणि आपण म्हणू तीच सुधारणा अशी त्याची पक्की खात्री होती. १९०९ च्या शरद ऋतूत त्याने शिपरॉकला एक जत्रा भरवली. लोकांनी आपला मका, भोपळे, कलिंगडं, मेंढ्या आणि विणलेले गालिचे आणायचे. सर्वोत्तम मालाला बक्षीस. हेतू उघड होता: सरकारने सांगितलेल्या मार्गाने हे लोक किती पुढे गेले, ते सगळ्यांना दिसावं. नावाहो प्रदेशातली ही सर्वांत जुनी जत्रा.

हाच शेल्टन नावाहोंच्या चालीरीतींवर काठी उगारून होता. १९१३ मध्ये एका माणसाला तीन बायका आहेत म्हणून त्याने पोलीस पाठवले. नवरा सापडला नाही, तेव्हा पोलिसांनी बायकांनाच शिपरॉकला आणून डांबलं. नवरा, त्याचा वृद्ध बाप आणि इतर काही जण घोड्यांवरून आले आणि बायकांना सोडवून घेऊन गेले. प्रकरण इतकं वाढलं की सैन्य बोलवावं लागलं. नशिबाने जनरल ह्यू स्कॉट हा सेनानी बंदुकीपेक्षा बोलण्यावर विश्वास ठेवणारा निघाला. रक्त न सांडता, सौम्य शिक्षांवर सगळं मिटलं. सांगायचा मुद्दा एवढाच, की जत्रा भरवणारा हात आणि कोठडीचं दार लावणारा हात एकच होता.

मग लोक त्या जत्रेला का गेले? नुसत्या बक्षिसासाठी?

याचं उत्तर पंचांगात आहे, आणि ते पंचांग शेल्टनचं नव्हतं. दिने लोकांच्या गणनेत ऑक्टोबर म्हणजे ऋतूंची वाटणी. उन्हाळा पाठ फिरवतो, हिवाळा समोर येतो, नवं वर्ष तिथे सुरू होतं. मका घरात आलेला असतो. पहिलं हिव पडलेलं असतं, साप बिळात गेलेले असतात, विजा थांबलेल्या असतात. हिवाळ्यातले मोठे विधी त्यानंतरच करता येतात. त्यातला एक आहे नऊ रात्रींचा ‘येईबिचाय’. नावाहो परंपरेतला ‘हताली’ म्हणजे गाणारा. पण तो वैद्यही असतो आणि पुरोहितही. हा सगळा सोहळा एका आजारी माणसाला बरं करण्यासाठी असतो. शेवटच्या रात्री मुखवटे घातलेले नर्तक देवतांच्या रूपात पहाटेपर्यंत नाचतात आणि भोवती शेकोट्यांपाशी, घोंगड्या पांघरून लोक जागतात.

त्या काळी सरकारी नियम काय होते, तेही ऐका. १८८३ पासून मूळ अमेरिकनांच्या अनेक नाचांना आणि वैदूंच्या कामाला गुन्हा ठरवणारी नियमावली होती. त्यांच्या धार्मिक स्वातंत्र्याला संरक्षण देणारा कायदा संसदेत झाला तो थेट १९७८ मध्ये. असं असतानाही शिपरॉकच्या जत्रेशी येईबिचाय जोडला गेला आणि जोडलेलाच राहिला. दिवसा बक्षिसांचे भोपळे, रात्री देवतांचं गाणं. अधिकाऱ्याने मांडव घातला आणि लोकांनी त्यात आपलं दैवत आणून बसवलं. ना मोर्चा, ना घोषणा.

आजही ऑक्टोबरच्या सुरुवातीला ही जत्रा भरते. शनिवारी सकाळी हमरस्त्यावरून मोठी मिरवणूक निघते. घोड्यांचे खेळ असतात, पाळणे असतात, गाणी असतात. कोवळा मका वाटून, त्याच्याच पानात गुंडाळून, जमिनीतल्या खड्ड्यात भाजलेली भाकर मिळते. भाजलेलं मटण मिळतं. आणि तळलेली मैद्याची पुरीही मिळते, जिचा जन्म सरकारी शिध्यातल्या पिठातून आणि चरबीतून झाला. एकाच थाळीत शेतातलं सुख आणि छावणीतली आठवण. नऊ रात्रींचा विधीही चालतो. त्याचे फोटो काढायचे नाहीत, चित्रण करायचं नाही, असा नियम आहे. म्हणून आमच्या या भागात त्या रात्रीचं एकही दृश्य तुम्हाला दिसलं नसेल. व्हिडिओ बनवणाऱ्याला ही अडचण वाटते खरी. पण कुणाच्या तरी दुखण्यासाठी म्हटलेलं गाणं आपल्या पडद्यासाठी नसतं, हे मान्य करायला मला तरी जड गेलं नाही.

आता त्या पिवळ्या नदीकडे परत जाऊ. ५ ऑगस्ट २०१५ रोजी कोलोराडो राज्यात गोल्ड किंग नावाच्या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीपाशी काम चालू होतं. काम अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या देखरेखीखालचं. बांध फुटला आणि खाणीत साचलेलं ३० लाख गॅलन, म्हणजे १ कोटी १४ लाख लिटरच्या आसपास विषारी पाणी अ‍ॅनिमस नदीत गेलं. त्यात शिसं होतं, आर्सेनिक होतं. अ‍ॅनिमस सान हुआनला मिळते आणि सान हुआन शिपरॉकच्या शेतांना पाणी देते.

कालवे बंद करावे लागले. ऐन ऑगस्टात, मका दाणा धरत असताना! पुढे पाणी सुरक्षित असल्याचं अधिकारी सांगू लागले, तरी शिपरॉकच्या शेतकऱ्यांनी सभा घेतली आणि नदीचं पाणी वर्षभर शेतात घ्यायचं नाही, असं एकमताने ठरवलं. पीक डोळ्यांदेखत वाळू दिलं.

बाहेरच्याला हा हट्ट वाटेल. मलाही सुरुवातीला वाटला. मग एक गोष्ट कळली. दिने लोक पहाटेच्या प्रार्थनेत मक्याचे पराग वाहतात. आपल्याकडे हळद-कुंकू किंवा अक्षता असतात, तसे. विधीत पराग लागतात, आशीर्वादाला पराग लागतात. पाण्यात विष असेल तर ते मक्यात येईल आणि मक्यातून प्रार्थनेत येईल. बाजारचा मका विकत आणता येतो. प्रार्थनेचे पराग कुठून आणायचे? नुकसानभरपाईसाठी त्यांनी दावा लावला आणि २०२२ मध्ये ३.१ कोटी डॉलरची तडजोड झाली. सात वर्षं लागली.

म्हणजे १८६३ मध्ये मका जाळला आणि २०१५ मध्ये मक्याचं पाणी नासलं. पहिल्यात हेतू होता, दुसऱ्यात हलगर्जी. दोन्ही वेळा वाळलं ते तेच शेत.

म्हणून सुरुवातीचा प्रश्न: ही जत्रा कोणाची? कागदावर पाहिलं तर शेल्टनची. पण शेल्टन १९१६ मध्ये शिपरॉक सोडून गेला. त्याचे नियम गेले, त्याची कोठडी गेली. उरलं ते नाताआनी नेझ हे नाव आणि दर ऑक्टोबरात भरणारी जत्रा. इतिहासात सुरुवात कोणी केली याची नोंद लगेच सापडते. पुढे ते कोणी टिकवलं, हे शोधावं लागतं. माझ्या मते जत्रा त्यांची, ज्यांनी जळलेल्या शेतात परत येऊन पुन्हा पेरलं.

पुढच्या पावसाळ्यात कणीस हातात घ्याल, तेव्हा टोकाचे ते रेशमी केस सोलताना क्षणभर थांबा. शेतात त्याच केसांवर पराग पडतो, तेव्हा एकेक दाणा भरतो. सान हुआनच्या काठी कुणीतरी तोच पराग चिमटीत घेऊन उगवतीकडे तोंड करून उभं असेल.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.