शर्यतीची मोटार आणि फुटलेले टायर

मोटारीत बाळगलेल्या जादा चाकाला आपल्याकडे सर्रास ‘स्टेपनी’ म्हणतात. हा शब्द इतका रुळला आहे की, तो एका परदेशी रस्त्याचे नाव आहे हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वेल्समधील लानेली या गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तेथे टॉमस आणि वॉल्टर डेव्हिस या बंधूंनी १९०४ साली मोटारीसाठी जादा चाक तयार केले आणि त्या रस्त्याचे नाव त्याला मिळाले. त्या काळच्या मोटारी कारखान्यातून जादा चाकाशिवायच निघत असत. टायर फुटले की ते तेथेच, धुळीत बसून दुरुस्त करावे लागे. जागच्या जागी दुरुस्ती करावी की चाकच बदलावे, हा प्रश्न शर्यतीत मोटार हाकणाऱ्यांना सर्वांत तीव्रतेने भेडसावला. त्याच्या उत्तराचा इतिहास हा मोटारीच्या वेगाचाच एक इतिहास आहे.

हवेवर चालणाऱ्या चाकाची कल्पना स्कॉटलंडच्या रॉबर्ट टॉमसनने १८४५ सालीच मांडली होती. पण ती मागे पडली. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने ती नव्याने शोधली व सायकलीच्या रूपाने ती लोकप्रिय झाली. हे टायर चाकाला डिंकासारख्या पदार्थाने चिकटविलेले असे. १८८९ साली फ्रान्समधील क्लेर्माँ-फेराँ येथील मिशलँ बंधूंच्या कारखान्यात असेच एक पंक्चर झालेले टायर दुरुस्तीस आले. ते सोडविण्यास व चिकटविण्यास तासन् तास लागले, शिवाय वाळण्यासाठी रात्रभर थांबावे लागले. चाकापासून सहज सुटे करता येणारे टायर हवे, हा बोध एदुआर मिशलँने त्यातून घेतला आणि १८९१ साली तसे टायर तयार केले. त्याच वर्षी पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस ही सायकल शर्यत शार्ल तेराँ याने याच टायरांवर जिंकली.

सायकल हलकी, मोटार मात्र शेकडो किलोंचे ओझे. असा भार हवा तोलू शकेल यावर त्या काळी फारसा कोणाचा विश्वास नव्हता. १८९५ च्या जूनमध्ये झालेल्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत आंद्रे व एदुआर मिशलँ स्वतःच ‘एक्लेअर’, म्हणजे ‘वीज’, नावाच्या गाडीत बसून उतरले. अंतर सुमारे १,१८० किलोमीटर. वाटेत पंक्चरवर पंक्चर झाली आणि गाडी मागे पडत गेली. भरीव रबरी धावांच्या गाडीवर एमिल लव्हासॉर ४८ तास ४८ मिनिटांत परत पोहोचला. मिशलँ बंधू त्याच्यापुढे कुठल्या कुठे मागे राहिले. तथापि, हवा भरलेल्या टायरांवर मोटार एवढे अंतर चालू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. लवकरच शर्यतीत भरीव धाव मागे पडली. मात्र वेग वाढला तसा टायरांवरचा ताण वाढला आणि पंक्चरची अडचण अधिकच मोठी झाली.

ती अडचण १९०६ च्या जूनमध्ये ल माँ येथे झालेल्या पहिल्या फ्रेंच ग्राँ प्रीमध्ये सर्वांसमोर आली. दोन दिवसांत सुमारे १०३ किलोमीटरच्या बारा फेऱ्या पुऱ्या करायच्या होत्या. उन्हाने डांबर वितळत होते, खडी उडत होती आणि टायरांच्या चिंध्या होत होत्या. नियम असा की, गाडीला हात लावायचा तो चालकाने व त्याच्या शेजारी बसलेल्या यंत्रज्ञानेच. फाटलेले टायर सुरीने कापून काढणे, नवे चढविणे आणि हवा भरणे यांत पंधरा मिनिटांच्या आसपास वेळ जाई. रेनॉच्या हंगेरीत जन्मलेल्या चालकाच्या, फेरेन्स सिसच्या, गाडीला मात्र मागच्या चाकांवर मिशलँची सुटी कडी होती. त्या कड्यावर हवा भरलेले टायर आधीच बसविलेले असे; आठ नट सोडायचे, कडे काढायचे, दुसरे लावायचे, की काम संपले. याला चार मिनिटांहूनही कमी वेळ लागे. सिसने ही शर्यत सुमारे अर्ध्या तासाच्या फरकाने जिंकली. ही कडी जड असल्यामुळे १,००० किलोंच्या वजनमर्यादेत ती सर्वांनाच बसविता आली नाहीत. ज्यांनी ती बसविली, त्यांनी वजनाचा तोटा पत्करून वेळेचा फायदा घेतला.

पुढचे पाऊल इंग्लंडमध्ये पडले. स्टेपनीचे चाक आऱ्यांवाचूनचे असे व ते फुटलेल्या चाकाच्या बाजूलाच अडकविले जाई. कॉव्हेंट्रीच्या रज-व्हिटवर्थ कंपनीने संपूर्ण चाकच मधल्या एका मोठ्या नटाने तुंब्यावर बसविण्याची रीत आणली. १९०८ च्या ग्राँ प्रीमध्ये अशा सुट्या चाकांना मनाई होती आणि त्यावरून नेपियर कंपनीने आपल्या गाड्या मागे घेतल्या. परंतु ही रीत टिकली. पुढे स्पोर्ट्‌स मोटारींच्या चाकांच्या मध्यभागी दोन-तीन पंखांचा नट आला. तांब्याच्या वा शिशाच्या हातोड्याने तो ठोकला की सैल होई. गाडीच्या एका बाजूचे आटे उजवे तर दुसऱ्या बाजूचे डावे ठेवले जात, जेणेकरून धावताना चाकाच्या गतीने नट आपोआप सुटू नये.

वेळ वाचविण्याची ही शर्यत केव्हा घातक ठरते, हे इटलीतील मिल्ले मिलिया या शर्यतीत दिसले. १२ मे १९५७ रोजी ब्रेश्याकडे परतीच्या वाटेवर गुइदिझोलो गावाजवळ स्पॅनिश चालक आल्फोन्सो द पोर्तागो याच्या फेरारीचे टायर फुटले. तो, त्याचा साथीदार एडमंड नेल्सन आणि रस्त्याकडेचे नऊ प्रेक्षक, ज्यांत पाच मुले होती, मृत्युमुखी पडले. वेळ वाचविण्यासाठी टायर बदलले नाहीत, असा आरोप झाला. एन्झो फेरारी यांच्यावर खटला चालला. १९६१ साली ते निर्दोष सुटले. मिल्ले मिलिया मात्र वेगाची शर्यत म्हणून कायमची बंद झाली. चाक मिनिटाभरात बदलण्याची सोय असूनही, ते केव्हा बदलावे हा निर्णय यंत्राचा नसून माणसाचाच राहिला होता.

त्यानंतर जादा चाक हळूहळू गाडीतून नाहीसेच होऊ लागले. १९८६ च्या सुमारास बाजारात आलेल्या पोर्शे ९५९ या गाडीत हवा गेल्यावरही काही अंतर धावणारे टायर आणि हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा होती. भारतातही २०२० साली नियमांत बदल होऊन, नळीविरहित टायर, दुरुस्तीचे साहित्य व दाबदर्शक यंत्रणा असलेल्या लहान गाड्यांना जादा चाकाच्या सक्तीतून सूट मिळाली. अशा रीतीने दुरुस्तीकडून बदलाकडे गेलेली वाट पुन्हा दुरुस्तीकडे वळली आहे.

ती वळताना जुना धडा विसरून चालणार नाही. टायरच्या मध्यभागी खिळ्याने पडलेले लहान छिद्र, टायर चाकावरून उतरवून आतून तपासल्यावर नीट बुजविता येते. बाजूच्या भिंतीला पडलेली चीर बुजविणे धोक्याचे असते. हवेवाचून थोडे अंतर धावलेल्या टायरचे आतले अस्तर चुरगळलेले असते व ते बाहेरून दिसत नाही. ताशी २०० किलोमीटरच्या वेगाने ते तापले की क्षणात फुटते. म्हणून वेगवान गाडीच्या टायरला लावलेला डिंक वा फेस गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरता आहे, प्रवास पुरा करण्यासाठी नव्हे. थांबण्याचा वेळ विज्ञानाने तासांवरून मिनिटांवर आणला. थांबण्याचा शहाणपणा मात्र प्रत्येक चालकाने स्वतःजवळच बाळगावा लागतो.