डोळ्यामागचा धोका : ‘कॅव्हर्नस सायनस’चे आजार वेळीच ओळखा

२०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रातल्या अनेक घरांनी ‘म्युकरमायकोसिस’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला. शुगर वाढलेली, त्यात स्टिरॉइड घेतलेली माणसं. आधी गाल दुखायचा, मग डोळा सुजून बंद व्हायचा. काहींचा डोळा काढावा लागला, काही जण वाचले नाहीत. ही बुरशी नाकातून डोळ्यामागे आणि मेंदूकडे सरकते, त्या वाटेवरची नाजूक जागा म्हणजे कॅव्हर्नस सायनस. लाट ओसरली, पण हे आजार संपलेले नाहीत. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

ही जागा कुठे असते?
डोळ्यांच्या मागे, कवटीच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना अशुद्ध रक्ताच्या या पोकळ्या असतात. सर्दीत भरणारे सायनस वेगळे. त्यांत हवा असते, इथे रक्त. मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी, डोळा फिरवणाऱ्या तीन नसा आणि कपाळ व गालाची संवेदना नेणाऱ्या नसा इथूनच जातात. त्यामुळे थोडी सूज आली तरी एकाच वेळी बरंच काही बिघडतं. दोन्ही पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असल्याने एका डोळ्याचा त्रास दुसऱ्या डोळ्यातही उतरू शकतो.

कोणते आजार होतात?
जंतुसंसर्ग आणि गुठळी : नाकावरची किंवा वरच्या ओठावरची पुळी फोडणं, सायनसमध्ये पू होणं, वरच्या दाढेचं दुखणं अंगावर काढणं, ही त्याची कारणं. चेहऱ्याच्या शिरांतलं रक्त आतल्या दिशेनेही वाहू शकतं, म्हणून जंतू तिथवर पोहोचतात. अँटिबायोटिक येण्यापूर्वी हे रुग्ण सहसा वाचत नसत.
म्युकर : शुगर ताब्यात नसलेल्यांना जास्त धोका. अँम्फोटेरिसिन बी हे इंजेक्शन आणि सडलेला भाग काढण्याचं ऑपरेशन, दोन्ही लागतात.
धमनी फुटणं : डोक्याला जबर मार लागल्यावर, कधी काही दिवसांनी, डोळा लाल होऊन बाहेर येतो आणि नाडीच्या तालावर कानात आवाज येतो. कॅथेटरने ही गळती बंद करता येते.
गाठी : पिट्युटरीची किंवा मेंदूच्या आवरणाची गाठ हळूहळू नसा दाबते.
टोलोसा-हंट : जंतूंशिवाय येणारी सूज. डोळ्यामागे खूप दुखतं. स्टिरॉइडने आराम पडतो. पण संसर्ग नाही याची खात्री होण्याआधी स्टिरॉइड घेणं घातक ठरू शकतं.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका
ताप आणि डोकेदुखीबरोबर डोळा सुजणं, पापणी खाली पडणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, गाल किंवा कपाळ बधिर होणं, नाकातून काळपट स्राव येणं, नजर अंधूक होणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात जा. तिथे रक्ततपासणी, एमआरआय, गरज पडल्यास दुर्बिणीतून नाकाची तपासणी होते. मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणून दोन-चार दिवस वाट पाहणं इथे महागात पडतं.

रोजा आणि इलाज
रमजानमध्ये असा त्रास सुरू झाला तर इफ्तारपर्यंत थांबू नका. आजारी माणसाला रोजा नंतर ठेवण्याची सवलत दीनने दिली आहे. नाकाचं ऑपरेशन झालं असेल, तर वजूत नाकात पाणी घेण्याबद्दल आधी डॉक्टरांना विचारा आणि मग आलिमांकडून मसला समजून घ्या. दुआ जरूर करा, दम करून घ्या, पण त्यासाठी हॉस्पिटल लांबवू नका.

खर्चाची काळजी असेल तर योजनेतल्या हॉस्पिटलात ‘आरोग्यमित्रा’ला भेटून महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा.

घरात एवढं पाळा
चेहऱ्यावरची पुळी दाबू नका. अम्मी-अब्बांची शुगर वेळच्या वेळी तपासा. दाढ दुखली तर दातांच्या डॉक्टरांकडे न्या. स्टिरॉइड मनाने सुरू करू नका, मनाने बंदही करू नका. या आजारात पहिले काही तासच डोळा आणि जीव वाचवतात, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.